दुखवट्यात खणलेले चोवीस तास

काउंटरच्या काचेला बोलण्यासाठी एक भोक आहे. ते कोणा उंच माणसाच्या तोंडाच्या मापाने पाडलंय. आमच्यात इतकं उंच कोणी नाही. मदत मागायला आलेला प्रत्येक जण टाचा उचलून बोलतो.

*

नियम नऊ, पोटकलम ब. टेकडीवर कंदमुळं खणणं हे काम धरलं जाईल. आठवड्याला जास्तीत जास्त चोवीस तास.

*

स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःचे केस कापले की एक बाजू वर राहते.

*

एप्रिलच्या अखेरीस मुळाची साल अंगठ्याच्या नखाने निघते. फुलं आली की निघत नाही. मग सुरी घ्या नाहीतर दात, साल आतल्या गराला धरून बसते.

*

घरात मृत्यू: दहा दिवस.

*

एकतिसाव्या मैलाच्या दगडापाशी डांबराच्या कडेला लाल काचेचे तुकडे आहेत. बर्फ वितळलं की दिसतात.

*

अकरा पोती.

*

मी अर्लेटा सायमन. आमच्या जमातीच्या मदत ऑफिसात सतरा वर्षं काम करते. ज्या घरात पोरं आहेत आणि पैसे नाहीत त्या घरांना महिन्याला रोख मदत द्यायची, हे काम. पैसे सरकारचे, वाटप जमातीचं. पैशांसोबत एक अट येते: मदत घेणाऱ्याने आठवड्याला चोवीस तास काम करायचं किंवा काम शिकायचं. मात्र काम कशाला म्हणायचं हे ठरवायची थोडी मोकळीक जमातीला आहे. बाहेरच्यांच्या यादीत भांडी घासणं होतं, टायपिंग होतं, नोकरीचे अर्ज भरणं होतं. आमच्या बायका वसंतात सहा आठवडे टेकडीवर वाकून जे करतात ते नव्हतं.

ते मी घातलं. नियम नऊ माझा आहे. मंजूर झाल्यावर त्या पानाची प्रत मी कित्येक दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. दुकानात सुटे पैसे काढताना ती वर यायची आणि मला बरं वाटायचं.

लूएला पीट आली त्या मंगळवारी काउंटरवर मीच होते. ती टाचा उचलत नाही. कपाळ काचेला टेकवते आणि भोकाखालून बोलते, त्यामुळे काच धुकट होते.

"शून्य," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"मार्चमध्ये पण शून्य."

"मार्चमध्ये कॉम्प्युटरचा वर्ग होता. मास्तर सोडून गेला. तूच म्हणालीस ये, मी आले तर दाराला कुलूप. तासभर पायरीवर बसले होते. तो एक तास धर."

"पायरीवर बसणं यादीत नाही."

"मग घाल. तू घालतेस ना यादीत काय काय."

"दवाखान्याच्या धुलाईत विचारलंस?"

"भरलंय. आणि गावात जायचं तर चाळीस मैल. कशात बसून जाऊ?"

तिची लाल पिकअप एकतिसाव्या मैलापाशी चुरा झाली होती, आता कोणाचीच नव्हती. मी फाइल चाळल्यासारखं केलं. फाइलमध्ये काय आहे ते मला पाठ होतं. फेब्रुवारीत पहिली कपात. मार्चमध्ये दुसरी. एप्रिलही कोरा गेला तर फाइल बंद, आणि सहा महिने नवा अर्ज करता येत नाही.

"मेअखेरपर्यंत टेकडीशिवाय माझ्याकडे काही नाहीये, लूएला."

तिने डोक्याचा दुखवट्याचा काळा रुमाल बोटाने जरा मागे सरकवला. मी विसरले असेन तर दिसावं म्हणून. खालचे, स्वतःच कापलेले केस एका बाजूला कानाच्या वर होते.

तिचा नवरा ऑक्टोबरमध्ये गेला. त्याचं नाव वर्षभर कोणी घेत नाही. मीही इथे लिहिणार नाही. आमच्यात बाई वर्षभर जमिनीत काठी खुपसत नाही, बोरं तोडत नाही, मासा साफ करत नाही; तिने खणलेलं, तोडलेलं त्या वर्षात कोणी खात नाही. लांबघरात, जिथे जमात एकत्र जमते आणि जेवते, तिथे दाराजवळ बसते. वर्ष भरलं की घरचे सगळ्यांना जेवायला घालतात, गेलेल्याच्या वस्तू वाटून टाकतात. मग म्हाताऱ्या बाया तिला कोपराला धरून टेकडीवर नेतात आणि पहिलं मूळ तिच्याकडून खणून घेतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही. आपल्या आईला दाराजवळ बसलेलं पाहिलेलं असतं, तेवढंच.

"दहा दिवस लिहिलेस तू," लूएला म्हणाली. "घरात मृत्यू, दहा दिवस."

"बाहेर राज्याच्या नियमात तीन आहेत. मी दहा करून घेतले."

"मोठं मन तुझं."

"लूएला."

"नाही, खरंच. अकराव्या दिवशी मी उठून नाचायला हवं होतं."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. लूएला काचेवर उमटलेला स्वतःचा श्वास बाहीने पुसत होती.

"फाइल बंद झाली तर काय करशील?"

"थोरल्या दोघांना नणंदेकडे. स्पोकॅन शहरात. ती घ्यायलाच बसलीय."

"थोडे दिवस जाऊन येऊ देत की."

"तसं घ्यायला नाही. कागद करून घ्यायला."

*

ऑफिसचा प्रमुख डेल. माझ्या मावसबहिणीचा मुलगा. खुर्चीत साहेब, बोलताना भाचा.

"मावशी, अपवाद करायचा तर कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"दुखवटा."

"दुखवटा दहा दिवस. तूच लिहिलायस."

"वर्षाचा लिही."

"आणि तो सरकारचा तपासायला येणारा म्हणेल, डॉक्टरचा दाखला दाखवा. जूनमध्ये येतायत ते. आधीच त्यांचं म्हणणं आहे की आपण बायकांना सहलीचे पैसे देतो. एकीला टेकडीवर न जाता तास दिले, तर तुझा नियम नऊ गेलाच म्हणून समज. मग तीस बायकांचे तास गेले."

"तुझे लंगोट बदललेत मी."

"ते पण यादीत नाही, मावशी."

तो हसत नव्हता. त्याने माझ्यासमोर कॉफी सरकवली आणि खिडकीकडे बघत राहिला. त्याच्याकडे दुसरं उत्तर असतं तर त्याने दिलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

*

टेकडी. माती कमी, दगड जास्त. बायका ओळीने नाही, विखरून खणतात. कोणाच्या पुढे कोणी जात नाही. काठी दगडांच्या फटीत घालायची, अंगाचा भार टाकायचा, मातीचा ढेकूळ उलटतो आणि गुलाबी बोटभर मूळ वर येतं. सगळ्यात पुढे ओफेलिया आजी. वय एक्याऐंशी. ती पहिली काठी घालेपर्यंत कोणी घालत नाही, आणि ती थांबली की सगळ्या थांबतात.

माझ्याकडे काठी नव्हती, वही होती. पिकअपच्या मागच्या फळीवर बसून मी नावं लिहायचे. मदत घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, सगळ्यांची एकच यादी. तोही माझाच हट्ट. कोणाला कमीपणा वाटू नये.

बुधवार. ओफेलिया जॉर्ज, आठ तास. मर्ना, आठ. मर्नाची सून, सहा, पोर आजारी.

गुरुवार. ओफेलिया जॉर्ज, आठ. मर्ना, आठ. सून, आठ.

शुक्रवार. वारा. ओफेलिया जॉर्ज, आठ. मर्ना, आठ. सून, आठ.

प्रत्येक दिवसाच्या नावांखाली थोडी जागा राहिली होती. बायका पोती पिकअपमध्ये चढवत होत्या. मी बुधवारच्या खाली लिहिलं: लूएला पीट, आठ. गुरुवारच्या खाली लिहिलं. शुक्रवारच्या खाली लिहिलं. अक्षर जरा बारीक आलं, कारण जागा कमी होती.

मी काय विचार केला ते सांगते. लूएलाला सांगायचं नाही, तिला सही करायला लावायची नाही. कागद राजधानीला जाईल. तिथे कोणाला माहीत नाही की लूएला पीटने रुमाल बांधलाय. आणि इथे कागद वाचतो कोण. सतरा वर्षं मी हेच बघत आले होते: बोलणं आपल्यासाठी, कागद त्यांच्यासाठी.

सोमवारी तिची मदत मंजूर झाली. मंगळवारी ती आली नाही. मला वाटलं, बरं झालं.

*

नंतरच्या शनिवारी लांबघरात साल काढायला बसलो. जमिनीवर ताडपत्र्या, त्यांवर मुळांचे ढीग, भोवती चाळीसेक बायका. हे काम करताना वाईट बोलायचं नसतं. रागावलेल्या माणसाने त्या दिवशी घरीच बसायचं. रविवारी मुळांचं जेवण होतं. ते होईपर्यंत त्या वर्षीचं मूळ कोणी तोंडात घालत नाही.

"मर्ना, तुझा ढीग कमी होत नाहीये."

"सून माझ्या ढिगात टाकतेय तिची."

"मी नाही, आत्या."

"मग मुळंच चालत आली असतील माझ्याकडे. रूप बघून."

लूएला दाराजवळच्या बाकावर बसली होती. हात मांडीवर. धाकटीला घेऊन आली होती, तिला ताकासारखं पातळ दूध बाटलीतून पाजत होती. माझ्याकडे बघून मान हलवली. पैसे का आले असतील हे तिने विचारलं नव्हतं. मास्तरच्या कुलपापाशी बसलेला तो तास मी कसातरी धरला, असं तिला वाटलं असावं.

डेल आला तो डोनटचे दोन खोके घेऊन. तो चांगल्या मनाने आला होता हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. त्याला जूनसाठी फोटो हवे होते. आणि त्याच्या हातात माझी यादी होती.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "तुम्ही किती कष्ट करता ते आता बाहेरच्यांनाही कळणार आहे. नावं वाचतो. टाळ्या वाजवा, लाजू नका."

मी उठायला हवं होतं. माझ्या मांडीवर सालांचं ताट होतं.

तो वाचत गेला. ओफेलिया जॉर्ज, चोवीस. बायका हसल्या. मर्ना, चोवीस. सून, बावीस. "बघ, दोन तास कमी," मर्ना म्हणाली. आणखी नावं. पानाच्या तळाशी अक्षर बारीक होतं, म्हणून त्याने कागद डोळ्यांजवळ धरला.

"लूएला पीट. चोवीस."

अंगठे थांबले. सालीचा आवाज असतो हे तो बंद झाल्यावर कळलं.

"परत वाच," ओफेलिया आजी म्हणाली.

त्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यालाही कळलं, पण शब्द तोंडातून गेले होते.

"ती नव्हती," मर्ना म्हणाली.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "तिला माहीतही नाही. तिचे तास भरत नव्हते म्हणून मी लिहिलं."

आजीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती मुळांकडे बघत होती. "तू लिहिलंस ते तुझं तू बघ. इथे वाचलं गेलं. खणणाऱ्यांत तिचं नाव घेतलं गेलं, मुळांच्या समोर, दोनदा."

"दुसऱ्यांदा तुम्हीच वाचायला लावलंत, आजी," डेल म्हणाला.

"हो. ते माझं."

"पण ती टेकडीवर गेलीच नाही. इथल्या सगळ्यांना माहीत आहे."

"मलाही माहीत आहे. मुळांना कोण सांगणार?"

लूएला उठली होती. बाटली अजून पोरीच्या तोंडात होती. दार लावताना ते हळूच लावलं, तान्ह्या पोरीच्या घरात लावतात तसं.

दुपारी अकरा पोती परत टेकडीवर नेली. सोललेली, न सोललेली, सगळी. जिथून काढली तिथे ओतली. सोललेली मुळं दगडांवर पांढरी दिसत होती. रविवारचं जेवण झालं नाही. पुढच्या आठवड्यात काही जणी पुन्हा खणायला गेल्या, पण माळावर फुलं आली होती आणि साल निघेना.

*

प्रति, लूएला पीट.

आपल्या नावावर न केलेल्या कामाचे चोवीस तास नोंदलेले आढळले आहेत. या तासांवर आपणास मदत मिळाली आहे. नियम चौदानुसार आपली फाइल आजपासून एक वर्षासाठी बंद करण्यात येत आहे. नोंद कोणी केली याचा या निर्णयाशी संबंध नाही. आपणास पंधरा दिवसांत दाद मागता येईल. अर्ज ऑफिसात काउंटरवर मिळेल.

शेवटच्या ओळीखाली सही डेलची. मजकूर टाइप केला मी. त्याला टाइप करता येत नाही.

"मला काढून टाक," मी त्याला म्हणाले होते.

"दोन आठवडे बिनपगारी. त्यापेक्षा जास्त मला परवडत नाही. फॉर्म कोणाला येतात इथे?"

"मग तिची फाइल राहू दे."

"चाळीस जणांसमोर वाचलंय मी, मावशी. माझ्या तोंडाने. आता कुठे ठेवू ते?"

पत्र टपालाने पाठवता आलं असतं. मी घेऊन गेले.

*

लूएला तिच्या ट्रेलरच्या घराच्या पायरीवर बसली होती. मी दिलेलं पाकीट तिने फोडलं नाही, गुडघ्याखाली ठेवलं.

"आजी येऊन गेली," ती म्हणाली. "माझा हात धरून खूप रडली."

"मग?"

"म्हणाली, पोरी, परत मोजावं लागेल. त्या शनिवारपासून."

"परत म्हणजे?"

"वर्ष. शिक्षा नाही म्हणाली. माझं नाव तिकडे गेलं, तर आता ते तिकडून परत आणायचं. त्याला वर्ष लागतं."

मी मनात मोजलं. ऑक्टोबरमध्ये संपायचं होतं ते आता पुढच्या मेमध्ये. चार मे.

"तोवर मुळं संपलेली असतात," मी म्हणाले.

"असतात."

"म्हणजे पुढच्या वसंतातही तुझे तास..."

"तुझं गणित चांगलं आहे, ताई. पहिल्यापासून."

आत कोणीतरी कपाटाचे खण उघडत होतं, मिटत होतं. ती आत बघून म्हणाली, "स्वेटर वरच्या खणात आहेत, खाली शोधू नका." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नणंद शुक्रवारी येतेय."

"मला वाटलं होतं की..."

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं."

मी दाद मागायच्या अर्जाचं सांगितलं. मी स्वतः भरून देईन म्हणाले. तिने विचारलं, त्यात काय लिहायचं असतं. मी म्हणाले, मी खणलं नाही एवढंच, आणि सही.

"हे मी कागदावर लिहून द्यायचं? मी, नवऱ्याच्या वर्षात, खणायला गेले नव्हते म्हणून?"

"हो."

"आणि तो माणूस जूनमध्ये येऊन वाचणार."

"हो."

"नको."

पत्र पोचल्याची पावती मला घेणं भाग होतं. मी पेन पुढे केलं. तिने पायरीवरच कागद ठेवून सही केली. पायरीच्या लाकडाची रेघ तिच्या नावातून गेली.

*

फॉर्म सात, घरातील बदल.

घरातील माणसे, पूर्वी: चार.

आता: दोन.

कारण: (येथे लिहू नये. ऑफिसच्या वापरासाठी.)

ऑफिसने काही लिहिलं नाही.

*

दोन आठवडे घरी बसून मी दुरुस्ती लिहिली. 'घरात मृत्यू: दहा दिवस' खोडून 'एक वर्ष, आणि घरातील वडीलधारी सांगतील तर अधिक.' कामावर परतले त्या दिवशी डेलच्या टेबलावर ठेवली. त्याने ती उभ्याने वाचली.

"नवरा, मूल, आई, बाप, भाऊ," तो म्हणाला. "सगळे धरायचे?"

"सगळे."

"गेल्या वर्षात आपण चौदा पुरले, मावशी. एकेकाच्या मागे घरात तीन बायका धर. खणायला उरेल कोण?"

त्याने कागद परत दिला नाही आणि पुढेही पाठवला नाही. तो त्याच्या खणात आहे. जूनमध्ये तपासायला आलेल्या माणसाने नियम नऊ वाचून मान हलवली. चांगली कल्पना आहे म्हणाला, आणि मुळांची चव कशी असते ते विचारलं. त्याला द्यायला आमच्याकडे त्या वर्षी एकही नव्हतं.

काउंटरवर आता दुसरी मुलगी बसते. मी मागच्या खोलीत फाइलींना क्रमांक घालते.

नियम नऊ मंजूर झाला ती सभा सहा वर्षांपूर्वी जानेवारीत होती. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, दहा दिवसांसकट, आणि कोणाला काही सुचवायचं आहे का विचारलं. ओफेलिया आजी दाराजवळच्या बाकावर होती. तिचा मुलगा जाऊन चार महिने झाले होते, आणि दुखवट्यातलं माणूस सभेत बोलत नाही.